एकाच किल्लीचं घर

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे 'कुलूपराव' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला राग येत नाही, उलट जरा छाती फुगते. मी त्याची थोरली बहीण. त्याच्या घराच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहते, आणि मी त्याला काय काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

साबणाच्या कारखान्यात तो मेकॅनिक आहे. तिथे माणूस उभा मावेल एवढ्या टाक्या आहेत, आत लोखंडी पाती फिरतात आणि साबण घोटतात. पातं बिघडलं की कुणाला तरी आत उतरावं लागतं. आता तुम्ही आत आहात आणि बाहेरून कुणी बटण दाबलं तर? नुसता विचार केला तरी अंगावर काटा येतो. म्हणून नियम असा, की आत उतरणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसरी किल्ली नाही. मॅनेजरकडे नाही, मालकाकडे नाही. दोघं उतरले तर दोन कुलुपं. ज्याचं कुलूप त्यानेच बाहेर येऊन काढायचं. नियम चांगला आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यामुळे आजवर तिथे कुणाचं बोटसुद्धा गेलेलं नाही.

पण हा शहाणा तो नियम घरी घेऊन आला.

कपाटाला कुलूप, टेबलाच्या खणाला कुलूप, हत्यारांच्या पेटीला कुलूप, आणि स्वयंपाकघराला लागून जी अडगळीची खोली आहे तिला तर कारखान्यातल्यासारखंच मुठीएवढं पितळी कुलूप. त्या खोलीत असं काय होतं म्हणाल, तर हत्यारं, एक शर्यतीची सायकल, जी तो चालवत नाही, नुसती पुसतो, आणि एक लोकरीचा कोट, जो तो घालत नाही, नुसता झटकतो. मी एकदा म्हटलं, "अरे, बाहेरच्या दाराची तरी एक किल्ली माझ्याकडे ठेव. कधी काही लागलं तर?" तर म्हणाला, "ताई, किल्ल्या वाटत सुटलं की कुलपाला अर्थ राहत नाही." मी कपाळाला हात लावला.

असा माणूस लग्न करेल ही आशा आम्ही सोडूनच दिली होती. चाळिशी उलटल्यावर केलं. बायको मिळाली ती पडदे शिवणारी. हाताला चलाख, कामाला वाघ, आणि गळ्यात कायम मापाची टेप. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि पहिल्या दिवसापासूनच मला काळजी लागली, की ही बिचारी इथे टिकणार कशी?

कारण ह्याचं सगळं आधी स्वतःचं. खिडकीजवळची खुर्ची ह्याची. पेपर आधी ह्याने उघडायचा, हा झोपलेला असला तर तो दुपारपर्यंत घडीतच पडून. पंखा कायम पाचवर. तिने थंडी वाजते म्हटलं की, "मग पांघरूण घे ना." पंखा कमी करता येतो हे ह्या एवढ्या मोठ्या मेकॅनिकला सुचायचं नाही! भांडकुदळ नाही हो तो, हात उगारणारा तर मुळीच नाही. फक्त घरात आणखी एक माणूस राहायला आलंय हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

आणि तीही काही गरीब गाय नव्हती. तिचं हत्यार म्हणजे अबोला. बिनसलं की ओठ मिटायची ती मिटायचीच. एकदा जिन्यात भेटली, मी विचारलं, "आहे का गं घरी तो?" तर बाईसाहेबांनी नुसती मान हलवली. "अगं, माझ्याशी तरी बोल, मी काय घोडं मारलंय तुझं?" तरी नाही. मनातलं सांगायचं नाही, समोरच्याने ओळखायचं, आणि त्याने ओळखलं नाही की आणखी आठवडाभर फुगायचं. हा बाहेर पंखा पाचवर लावून बसणार, ती आत शिलाई मशीन बडवणार, आणि मी खालच्या मजल्यावर छताकडे बघत बसणार. मशीनचा आवाज थांबला की मला धडकी भरायची. वाटायचं, झालं, आता पिशवी भरतेय, आता निघाली. ती गेली असती तर हा त्या कुलपांमध्ये एकटाच म्हातारा झाला असता, आणि ते मला डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

शेवटी ठिणगी पडली ती त्या अडगळीच्या खोलीवरून. पडद्यांचं काम वाढलं होतं. बाहेरच्या खोलीत ताग्यांवर तागे, जेवायला बसायचं तर आधी कापड उचला. ती म्हणाली, "मला अर्धी खोली द्या. मशीन आत नेते. तुमची सायकल भिंतीला टांगू." हा म्हणाला, "त्या खोलीत जागा नाही." ती म्हणाली, "आहे. मी मापून दाखवते." हा म्हणाला, "मापायचं काही कारण नाही." झालं. अबोला सुरू.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळची वेळ. ह्याने कारखान्यात न्यायला पाना हवा म्हणून ती खोली उघडली, पाना घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बुटांच्या नाड्या बांधत बसला. दार तेवढ्यापुरतं उघडं. हिने शेगडीवर दूध ठेवलेलं. हिने काय केलं, गळ्यातली टेप काढली आणि पटकन आत शिरली. भिंत मापायची, आकडा ह्याच्या तोंडावर मारायचा, की बघा, बसतं की नाही मशीन. खाली वाकून सायकलच्या मागे टेप धरली होती. हा आला, न बघता दार ओढलं, कुलूप दाबलं, किल्ली खिशात टाकली आणि चालू पडला. रोज शंभर वेळा करतो तसंच.

आता ऐका. तिने हाक मारली नाही.

तिला वाटलं, ह्यांनी मुद्दाम केलं. मापायचं नाही म्हटलं तरी मापायला गेले, म्हणून कोंडलं. ती मला नंतर म्हणाली, "ताई, मला इतका संताप आला, की म्हटलं, मरेन पण ओरडणार नाही. बघू किती वेळ ठेवतात." उभी राहिली अंधारात, ओठ मिटून. बुटांचा आवाज दारापर्यंत गेला. बाहेरचं दार धाडकन लागलं. जिन्यात पावलं उतरत गेली. आणि मग तिला शेगडीवरचं दूध आठवलं.

दूध उतू गेलेलं तिला ऐकू आलं. चर्र झालं, आणि मग काहीच नाही. शेगडी विझली. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून वास यायला लागला.

मी तेव्हा खाली न्हाणीघरात कपडे धूत होते. आमच्या इमारतीत वरून खालपर्यंत पाइपांचा एक उभा बोगदा आहे, डक्ट म्हणतात त्याला. माझ्या न्हाणीघराची खिडकी त्यात उघडते आणि वरच्या त्या अडगळीच्या खोलीचा झरोकाही. आधी ठकठक ऐकू आली. मी मनात म्हटलं, काय ठोकतोय हा सकाळी सकाळी! बादली सरकवली, नळ बंद केला, तर आवाज आला. तिचा. घोगरा, ओळखू न येणारा.

"ताई... ह्यांनी कोंडलंय मला... गॅस सुटलाय..."

माझ्या हातातलं कापड गळून पडलं. गॅस सुटलाय ह्याची भीती वाटली ती नंतर. आधी ते 'ह्यांनी कोंडलंय' काळजात घुसलं. माझा भाऊ? ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं तो? हट्टी आहे, आपमतलबी आहे, सगळं आहे, पण असा आहे? मी खिडकीत तोंड घालून ओरडले, "उंचावर चढ! झरोक्याला तोंड लाव! आले मी!" आणि तशीच ओल्या साडीने जिन्याकडे धावले.

वरच्या मजल्यावर पोचायच्या आधीच वास आला. दाराशी गेले, सवयीने बोट बेलकडे गेलं, आणि बटणाला टेकणार तोच माझं मलाच काय कळलं देव जाणे, हात झटकन मागे घेतला. बेल वाजली असती, आत एक ठिणगी उडाली असती, आणि सगळंच संपलं असतं. मग दुसरा विचार आला. फ्रिज! आत फ्रिज चालू आहे, तो मधूनच खट करून सुरू होतो. म्हणजे कुणी काही केलं नाही तरी, आत्ता, ह्या क्षणाला...

"मेन स्विच!" मी किंचाळले. समोरचा टॅक्सीवाला दाढीला साबण लावलेला तसाच बाहेर आला होता. भला माणूस, एक शब्द न विचारता जिना उतरून तळमजल्यावर गेला आणि त्याने ह्या दोघांच्या घराची वीज मीटरच्या पेटीतून तोडली. मग वर येऊन दाराला खांदे मारायला लागला. पण दार कुणाचं? कुलूपरावांचं! त्याला वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, ओढलं की आपोआप बसणारे. ते कशाला हलतंय! तो म्हणाला, "पहार आणतो." मी त्याचा दंडच धरला. "लोखंडावर लोखंड आपटू नका हो, पाया पडते तुमच्या." घरात बाई मरतेय आणि आम्ही दोघं दारासमोर हात चोळत उभे. दोनच किल्ल्या त्या दाराच्या. एक तिच्यासोबत आत, एक त्याच्या खिशात. माझ्याकडे असती तर! मी त्या दाराला काय काय शिव्या घातल्या असतील.

टॅक्सीवाल्याने फायर ब्रिगेडला फोन लावला आणि मी कारखान्यात. भावाचा मोबाइल वाजून वाजून थांबला. गेटवरच्या फोनवर एक मुलगी आली. म्हणाली, "साहेब टाकीत उतरलेत, आता येऊ शकत नाहीत."

"अगं बाई, त्याला ओढून काढ बाहेर!"

"मॅडम, आतलं काम झाल्याशिवाय..."

"त्याची बायको कोंडलीय आणि गॅस सुटलाय! किल्ली त्याच्या खिशात आहे! सांग जाऊन, नाहीतर मी येते तिकडे!" मी अशी ओरडले की सगळ्या जिन्यातली दारं उघडली.

पुढचं मला कारखान्यातल्या त्याच्या जोडीदाराने सांगितलं. तो म्हणाला, आम्ही टाकीच्या तोंडाशी वाकून निरोप सांगितला, तर ह्याने आधी खिसा चाचपला. तीन किल्ल्या हाताला लागल्या, एक स्विचची, एक घराची, एक त्या खोलीची. मग तो वर आला आणि त्याच्या तोंडावर रंगच नव्हता. जोडीदाराच्या स्कूटरवर मागे बसला आणि सगळ्या वाटेत त्याच्या पाठीला घट्ट धरून होता. कारखान्यातलं स्वतःचं कुलूप काढायचंही त्याला सुचलं नाही. ते तसंच मेन स्विचला लटकत राहिलं आणि दुसरी किल्ली नाही म्हणून ती टाकी दिवसभर बंद पडली. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला म्हणे. बसू दे.

इकडे बंबवाल्यांनी शिडी लावली, एकजण तोंडाला मास्क चढवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला, गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आमच्यासाठी बाहेरचं दार आतून उघडलं. मी आत घुसायला गेले तर मला त्यांनी बाहेरच धरून ठेवलं. मी तिथूनच हाका मारायला लागले. "अगं, उघडताहेत गं! ऐकतेस ना?" आतून काही नाही. मघाशी खोकल्याचा आवाज येत होता, तोही थांबलेला. "ओ दे गं पोरी!" काही नाही. ही रुसून गप्प आहे की गेली, हे मला कळेना, आणि तिच्या सगळ्या अबोल्यांचा त्या क्षणी मला एवढा राग आला की मी दाराची चौकट बुक्क्यांनी बडवली.

बंबवाला म्हणाला, "ह्या खोलीचं कुलूप जाड आहे. कापायचं तर आधी हवा जाऊ दे, ठिणगी नको." तेवढ्यात जिन्यात धावत येणारी पावलं वाजली. हा आला. अंगभर साबणाचा लगदा, एका पायात बूट नाही. कुणी अडवायच्या आत थेट त्या दाराशी गेला, किल्ली काढली, आणि त्याला ती लावता येईना. रोज न बघता लावणारा माणूस! किल्ली कुलपावर नुसती वाजत होती. मी आत गेले, त्याच्या हातातून ती हिसकून घेतली आणि उघडलं.

ती वर होती. हत्यारांच्या पेटीवर सायकल आडवी टाकून तिच्यावर चढली होती आणि झरोक्याच्या जाळीत तोंड खुपसून लोंबकळत होती. गॅस खाली बसतो, आणि ही उंचावर होती म्हणून वाचली. दाराच्या फटीत तिने त्याचा तो लोकरीचा कोट कोंबला होता, फाडून, पट्टे करून. बंबवाल्याने तिला उचलून खाली घेतलं. तिचे ओठ काळेनिळे पडले होते, पण डोळे उघडे होते. माझा जीव भांड्यात पडला.

हा पुढे झाला. "अगं..." एवढंच म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा ती जिना चढून माझ्या दाराशी थांबली. वर गेली नाही.

माझ्याकडेच राहिली ती. दारं सगळी सताड उघडी ठेवायची. न्हाणीघरात गेली तरी पडदा लावायचा, दार नाही. भांडं पडलं तरी दचकायची. सगळ्यात वाईट म्हणजे शांतता झाली की घाबरायची. मी स्वयंपाकघरात गप्प काम करत असले की हाक यायची, "ताई, आहात ना?" "आहे गं बाई, कुठे जाते मी?" म्हणायची, "त्यांची पावलं खाली गेली ना, त्यानंतर काहीच आवाज नव्हता हो. मला वाटलं, जगात कुणी राहिलंच नाही."

आणि हा? हा संध्याकाळी कामावरून यायचा आणि माझ्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसायचा. आत यायची हिंमत नाही. एकदा मी त्याला बाहेर जाऊन गाठलं. "खरं सांग मला. मुद्दाम केलंस?" हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं?

तो म्हणाला, "ताई, मी बघितलंच नाही."

आतून तिचा आवाज आला. त्या दिवसानंतर त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली. "मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते तुमच्याशी. तुम्ही बघितलंच नाही! मी त्या घरात आहे की नाही हे तुम्ही एकदा तरी बघितलंय का हो?"

तो मान खाली घालून म्हणाला, "नाही." आणि रडायला लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी त्याला उगी उगी केलं नाही.

नंतरच्या रविवारी वरून दिवसभर ठोकाठोक ऐकू आली. मी वर गेले तर जिन्यात भिंतीला टेकवून दारं उभी. अडगळीच्या खोलीचं दार, स्वयंपाकघराचं दार, कपाटाची दारं, आणि न्हाणीघराचंही! हा घामाघूम होऊन बोल्ट उचकटतोय. मला बघून मोठ्या आशेने म्हणाला, "ताई, तिला सांग, आता ह्या घरात कोंडलं जायला दारच नाही."

"अरे अतिशहाण्या, न्हाणीघराचं कशाला काढलंस? अंघोळ काय पाहुण्यांसमोर करायची तिने?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती माझ्या मागोमाग वर आली होती, मला कळलंही नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने ती दारं बघितली. मला वाटलं, आता विरघळेल. पण ती म्हणाली, "मला विचारलंत?"

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"मला विचारलंत का? मला दार हवंय. मला माझ्या हाताने लावता येईल असं हवंय. तुम्ही कुलूप लावलं तेही तुमच्या मनाने, आणि दारं काढलीत तीही तुमच्याच मनाने."

मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. ह्याने पाना खाली ठेवला. आणि मग तो जे म्हणाला ते त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणाला, "बरं. तू सांग. काय काय हवंय तुला?"

मग दोघं तिथेच जिन्यात दारांना टेकून बसले. मी आत जाऊन चहा टाकला आणि कान बाहेर. खोली अर्धी अर्धी, हे तर लगेच ठरलं. पंख्यावरून मात्र घासाघीस झाली, तिला दोनवर, त्याला चारवर, शेवटी तीनवर आले. बाहेरच्या दाराची एक किल्ली ताईकडे. तो म्हणाला, "रात्रपाळी असली की मी दुपारी झोपतो तेव्हा मशीन नको गं. डोकं फुटतं." तेव्हा ती म्हणाली, "मग आधी सांगायचंत ना. मी बंद ठेवीन." आणि मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्या दिवशी हाक मारली नाही. तुम्ही बूट घालून दारात होतात. एक हाक मारली असती तर ऐकू आली असती. मी रागाने गप्प बसले."

त्याने तिच्याकडे बघितलं. मला भीती वाटली, आता हा म्हणेल, मग चूक तुझीच! त्याच्या जिभेवर आलं होतं, मी ओळखते त्याला. पण त्याने ते गिळलं. म्हणाला, "ह्यापुढे शिव्या दे. पण गप्प बसू नकोस."

ती वर राहायला गेली. सगळं लगेच गोडगोड झालं असं समजू नका. किती वेळा तो जुन्या सवयीने पंखा पाचवर करायचा आणि ती वरून ओरडायची, "तीन!" मला खाली ऐकू यायचं आणि हसू यायचं. पण न्हाणीघराची भीती काही गेली नाही. दार त्याने परत बसवलं, कडी फक्त आतून. तरी तिला दार लोटून घेतलं की घाम फुटायचा. कडी लावणं तर लांबच. शेवटी तिने त्याला सांगितलं, "मी आत असले की तुम्ही बाहेर बसून बोलत राहा. तुमचा आवाज येत राहिला पाहिजे."

आता हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलणारा! बोलणार काय? पण रोज स्टूल घेऊन त्या दाराशी बसायला लागला. पहिल्या दिवशी पेपर वाचून दाखवला, स्वतः वाचायच्या आधी. पेपर संपला की हवा कशी आहे ते सांगायचा. ते संपलं की कारखान्यातली यंत्रं. कोणतं पातं कुठे बसतं, कोणता नट कुठे झिजतो. आतून ती कधी "हं" म्हणायची, कधी नाही. कामाला उशीर होत असला तरी उठायचा नाही.

परवा मी सकाळी वर गेले होते. मी स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते, ती आत अंघोळीला, हा बाहेर स्टुलावर. "तर पहिलं पातं काढलं की दुसरं आपोआप सैल होतं असं लोकांना वाटतं," असं काहीतरी रंगात येऊन सांगत होता. आणि आतून खट्‌ असा आवाज झाला. कडी लागली.

हा बोलायचा थांबला. उठून उभा राहिला. चेहरा तसाच पांढराफटक, त्या दिवशीसारखा. हात दाराकडे गेला आणि हवेतच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी हातातला कप खाली ठेवला. ती पडली असेल तर? चक्कर आली असेल तर? ते दार आता बाहेरून कुणालाच उघडता येणार नव्हतं. त्यालाही नाही. मी त्याला मानेनेच सांगितलं, बस. तो बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आपोआप दाराकडे जाऊ नयेत म्हणून.

"आहेस ना गं?" त्याने विचारलं.

आत नुसतं पाणी पडत होतं. किती वेळ तरी.

मग ती म्हणाली, "आहे. तुम्ही का थांबलात? दुसऱ्या पात्याचं काय झालं?"

त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागला.